घराच्या भिंती आणि मुलांची उंची

गृहसजावट हा विषय वास्तुविशारदाने हाताळावा, बालरोगतज्ज्ञाने त्यात लुडबुड का करावी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात आल्यास तो रास्तच म्हणावा लागेल. परंतु गेली पंचवीस वर्षे पांढुर्णा-सौंसर परिसरातील मुलांना तपासताना अनेक घरांत जाण्याचा योग आला. मुलाची छाती तपासून झाली आणि आई चहा टाकायला आत गेली, की माझी नजर आपोआप भिंतींवर फिरू लागते. या घरातील माणसांना काय मिरवावेसे वाटते, काय जपावेसे वाटते, हे भिंती न विचारता सांगतात. अलीकडे मात्र एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. भिंती पूर्वीपेक्षा सुंदर झाल्या आहेत, पण ज्या मुलाला पाहायला मी आलेलो असतो, त्याच्यासाठी त्यांवर काहीही नसते.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या दशकात, आपल्याकडच्या बैठकीची सजावट ठरलेली असे. छताजवळ किंचित पुढे झुकवून टांगलेल्या पूर्वजांच्या तसबिरी, शेजारी राजा रविवर्म्याच्या चित्रांवरून छापलेली लक्ष्मी-सरस्वती, दारावर काचेच्या नळ्यांचे तोरण, रेडिओवर क्रोशाचा रुमाल आणि काचेच्या चौकटीत आईने किंवा आत्याने भरलेला पोपट अथवा मण्यांचा हंस. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यानंतर देवादिकांची रंगीत चित्रे राजवाड्यातून सामान्यांच्या घरी आली. त्या बैठकीला कोणी कलात्मक म्हटले नसते. मात्र तेथील प्रत्येक वस्तूमागे एक माणूस होता आणि त्या माणसाची हकिकत घरातील कोणीही सांगू शके.

त्यांतील दोन वस्तू तर केवळ मुलांसाठीच असत. पहिली म्हणजे पाळण्यावरचे चिमणाळे. कापडाच्या चिमण्या, आत कापूस, चोचीला लाल दोरा आणि मधूनमधून मोठे मणी. नवजात बालकाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचेच बऱ्यापैकी स्पष्ट दिसते, गडद-फिकट रंगांतील ठळक फरक त्याला आधी कळतो आणि हलणाऱ्या वस्तूकडे त्याची नजर वळते, हे आम्ही पाठ्यपुस्तकांत शिकलो. आमच्या आज्यांनी पुस्तक न वाचता लाल-काळ्या चिमण्या पाळण्यावर टांगल्या होत्या. दुसरी वस्तू म्हणजे श्रावणात देवघराजवळ लावला जाणारा जिवतीचा कागद. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, बुध-बृहस्पती आणि अंगाखांद्यावर मुले खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका. श्रावणातल्या शुक्रवारी आई त्याची पूजा करून आम्हाला ओवाळी. जरा नावाच्या राक्षसीने बालकाची दोन शकले जोडून त्यास जिवंत केले आणि तोच जरासंध झाला, ही महाभारतातील कथा आईने मला त्या कागदासमोरच सांगितली. एका अर्थी ती आम्हा बालरोगतज्ज्ञांची पूर्वज! ज्या काळी घरोघरी एखादे तरी मूल दगावत असे, त्या काळी आयांनी आपली भीती आणि आशा त्या साध्या छापील कागदावर ठेवली होती. आज त्या भीतीवर लसीकरणाचा उपाय आहे आणि त्याचा मला अतिशय आनंद आहे. परंतु घरातील भिंतीवर एक जागा आपल्यासाठी राखून ठेवली आहे, ही जाणीव त्या कागदाने मला दिली, ती मात्र लसीकरणाचा तक्ता देऊ शकत नाही.

आता थोडे स्वतःविषयी. वीसेक वर्षांपूर्वी मी घर बांधले, तेव्हा नागपूरहून सजावटकार बोलावला. त्याने फिकट रंग, भिंतीत बसवलेले दिवे, धातूचे एक मोठे वॉल हँगिंग आणि काचेचे बंद शोकेस सुचवले. आईचा मण्यांचा हंस आणि माझ्याच पाळण्यावरचे चिमणाळे ‘या रंगसंगतीत बसत नाही’ म्हणून ट्रंकेत गेले. दोष त्याचा नव्हे, होकार माझा होता. आई राहायला आली, तेव्हा तिने सारे घर फिरून पाहिले, ‘छान झालं आहे’ म्हणाली आणि थोड्या वेळाने हळूच विचारले, ‘माझा हंस कुठे लावला रे?’ मी म्हणालो, ‘लावतो पुढच्या आठवड्यात.’ तो आठवडा तिच्या हयातीत उगवला नाही.

पुढे एका पोळ्याला भाचीचा तीन वर्षांचा मुलगा घरी आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा असतो, मुले लाकडी बैल ओढत घरोघर जातात. त्याच दिवशी आपल्या पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार असते आणि आपणांपैकी अनेकांचे हात टाके घालण्यात गुंतलेले असतात. संध्याकाळी दमून घरी आलो, तर हा मुलगा शोकेसच्या काचेला नाक लावून रडत उभा. आत माझ्या आजोळहून आलेला चाकांचा लाकडी बैल होता. ‘तो खेळायचा नाही, तो शोचा आहे,’ असे त्याला कोणीतरी सांगितले होते. पन्नास वर्षांपूर्वी मी ज्या बैलाला दोरी बांधून अंगणभर ओढला, तो आता काचेआड मौल्यवान झाला होता. मी किल्ली शोधून बैल बाहेर काढला. त्या रात्री त्याचे एक शिंग मोडले. तरीही, गेल्या अनेक वर्षांत त्या बैलाचा इतका चांगला उपयोग झाला नव्हता.

त्या दिवसापासून मी घराघरांत एक मोजमाप करू लागलो. आपण चित्रे साधारण पाच फुटांवर, म्हणजे मोठ्यांच्या नजरेसमोर टांगतो. वर्षाच्या मुलाची उंची सुमारे पंच्याहत्तर सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट. तीन वर्षांचे मूल तीन फुटांच्या थोडे वर. त्याच्या नजरेच्या पातळीवर आपल्या घरात काय असते? सोफ्याची पाठ, विजेचे खटके, शोकेसचे कुलूप आणि ‘हात लावू नको’ हे वाक्य. भाषा शिकण्याच्या वयात मुलाला बोट दाखवून विचारायला वस्तू लागतात. ‘हे काय?’ आणि ‘हे कोणी केले?’ या दोन प्रश्नांवर त्याचा शब्दसंग्रह वाढतो. मोबाईलचा पडदा त्याला चित्रे पुष्कळ दाखवतो, पण त्या चित्राचे आजीशी काय नाते आहे, हे तो सांगू शकत नाही.

शोभेच्या वस्तूंचा एक धोकाही वैद्यकीय कर्तव्य म्हणून येथे नोंदवतो. काही वर्षांपूर्वी दीड वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आणली गेली, सतत लाळ गळत होती, गिळता येत नव्हते. क्ष-किरण चित्रात अन्ननलिकेत गोल चकती दिसली. शोभेच्या विजेरी मेणबत्तीतील बटण सेल तिने गिळला होता. असा सेल अडकला तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. तिला तातडीने नागपूरला पाठवले, तोवर इजा झालेलीच होती. मुलगी वाचली, परंतु पुढचे कित्येक महिने ती पातळ अन्नावर होती. म्हणून लहान मुलांच्या घरात बटण सेलचा कप्पा स्क्रूने बंद होत नसेल, तर ती वस्तू घरात आणूच नये. सुटे मणी, जड आणि भिंतीला न बांधलेली कपाटे, पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या यांबाबतही हेच. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात २०१७ पासून लागू आहे. मात्र त्यापूर्वीच्या पोपडे सुटलेल्या भिंती आणि भडक रंगवलेल्या जुन्या वस्तू यांचा भरवसा धरू नये, कारण मुलाच्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी मात्रा नाही. आणि हो, चिमणाळेसुद्धा मूल पाचेक महिन्यांचे झाले किंवा हाताने ओढू लागले, की उतरवावे. धूळ धरणारी कापडी भित्तिशोभा दम्याच्या मुलाच्या खोलीत नको.

आपल्या डॉक्टरमंडळींच्या घरांविषयी तर स्वतंत्र प्रबंध लिहिता येईल. एके काळी औषध कंपन्यांची घड्याळे आणि शोभेच्या वस्तू यांनीच आपल्या भिंती भरल्या होत्या. डिसेंबर २००९ मध्ये तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने अशा भेटवस्तू स्वीकारण्यास मनाई केली, ते योग्यच झाले. तथापि सत्कारांची स्मृतिचिन्हे राहिलीच. माझ्या कपाटात अ‍ॅक्रिलिकच्या अशा कितीतरी ढाली आहेत. त्यांवर माझे नाव आहे, म्हणून टाकवत नाहीत, आणि त्यांत माझे काहीच नाही, म्हणून पाहवत नाहीत.

वस्तुतः उत्तम वस्तूंसाठी आपणांस दूर जाण्याची गरज नाही. शेजारच्या बैतूल जिल्ह्यातील भरेवा कारागीर मेणाचा साचा वितळवून पितळी दिवे, घोडे, देवमूर्ती घडवतात. गोंड चित्रे आता मोठ्या शहरांतील दिवाणखान्यांत लागतात, पण त्यांची मुळे मातीच्या घरांच्या भिंतीवर बायकांनी काढलेल्या डिगना नक्षीत आणि परधान गायकांच्या कथांत आहेत. दिंडोरी जिल्ह्यातील पाटणगडच्या जनगढसिंह श्याम यांनी ती परंपरा कागदावर आणि कॅनव्हासवर नेली आणि जगाने ती पाहिली. वारली चित्रांचेही तसेच. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढीत, त्यात पालघाट देवी बसे. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या भिंतीचाच सन्मान झाला. या सर्व चित्रांचा आरंभ लग्न, पीक, मूल अशा घरातल्याच प्रसंगी झाला. आपण मात्र त्यांची छापील नक्कल घेतो आणि कथा दुकानातच सोडून येतो.

आपल्या या भागासाठी हा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ तत्कालीन मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. आपली मुले शाळेत इंग्रजी आणि बाजारात हिंदी बोलतात. त्याबद्दल खंत नाही, चार भाषा येणे हे वैभवच आहे. परंतु मराठी त्यांना पुष्कळदा फक्त घराच्या चार भिंतींच्या आत भेटते. मग त्या भिंती तरी मुक्या का असाव्यात?

म्हणून माझे मत नम्रपणे मांडतो. घरात वस्तू आणताना किंवा टांगताना दोन प्रश्न विचारावेत. या वस्तूची गोष्ट मी मुलाला सांगू शकेन काय? आणि मुलाने हात लावला तर चालेल काय? पहिल्याचे उत्तर ‘होय’ असेल, तर ती ठेवावी. दुसऱ्याचेही ‘होय’ असेल, तर ती तीन फुटांवर ठेवावी. एका भिंतीचा खालचा भाग मुलाच्या स्वतःच्या चित्रांसाठी मोकळा सोडावा, भिंत पुन्हा रंगवता येते. आपल्या संस्थेनेही यापुढे सत्कारात अ‍ॅक्रिलिकच्या ढालीऐवजी भरेवा दिवा किंवा गावातील एखाद्या आजीच्या हातची गोधडी द्यावी, कारागिराच्या नावासह.

आईचा हंस आता माझ्या तपासणीच्या खोलीत, टेबलाशेजारी तीन फुटांवर आहे. चार मणी निखळले आहेत, काच मात्र न फुटणारी लावली आहे. रडणारी मुले त्याच्यापाशी क्षणभर थांबतात आणि विचारतात, ‘हे कोणी केलं?’ मी सांगतो. हे उत्तर तिला ऐकवायला हवे होते, एवढेच राहून गेले.