वहीची किल्ली कोणाकडे?



यंदा वहीपूजनास भाच्याच्या दुकानी जाण्याचा योग आला. सोमेश्वरनगरात त्याचे किराणा-भुसाराचे दुकान आहे. पाटावर लाल बांधणीची नवी वही, तीवर स्वस्तिक व शुभ-लाभ, आणि शेजारी कुंकवाचे बोट लावलेला लॅपटॉप. वही वर्षभर कोरीच राहणार हे घरातील सर्वांस ठाऊक होते; खरा हिशेब यंत्रात. त्या यंत्रातील मागील तीन वर्षांचा हिशेब मात्र भाच्याला उघडता येत नव्हता.

प्रकार असा. त्याने वार्षिक वर्गणीचे एक हिशेबाचे ॲप घेतले होते. पहिल्या वर्षी शुल्क किरकोळ होते, तीन वर्षांनी ते दुपटीवर गेले, तेव्हा त्याने ते सोडून दुसरे घेतले. पुढे जुन्या खरेदीचा खुलासा मागणारे जीएसटीचे पत्र आले. जुने ॲप उघडले, तर आधी वर्गणी भरा, असा निरोप पडद्यावर उमटला. "मामा, माल माझा, गिऱ्हाईक माझे, आकडे मी भरले, मग कुलूप त्यांचे कसे?" असे त्याने विचारले. छत्तीस वर्षे बँकेत खतावण्या तपासूनही मला चटकन उत्तर सुचले नाही.

जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने हिशेब जपावे लागतात. वर्गणी 12 महिन्यांची आणि जबाबदारी 72 महिन्यांची, ही तफावत व्यापाऱ्याने ॲप घेतानाच ध्यानात घ्यावयास हवी. 1984 च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत खतावणी-यंत्रे आली, तेव्हा आम्ही कितीतरी दिवस हाती लिहिलेली खतावणीही समांतर चालू ठेवली होती. वरिष्ठांच्या त्या आग्रहाला तरुणपणी आम्ही हसत असू. आपल्या आजोबांच्या मोडीतल्या वह्या आज घरात कोणास वाचता येत नाहीत, हे खरे. पण मोडी शिकलेल्या कोणासही त्या वाचता येतात, त्यासाठी कागद विकणाऱ्याची परवानगी लागत नाही.

संगणकातही अशी व्यवस्था आहे. तिला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. प्रोग्राम ज्या मजकुराने बनतो तो मजकूरच सर्वांस खुला असतो. वापरा, तपासा, बदला, दुसऱ्यास द्या. येथे मुक्त म्हणजे फुकट नव्हे, बंधनाविना. आपल्या धंद्याच्या अगदी जवळचे उदाहरण मुंबईचे आहे, 'ग्नूखाता'. कृष्णकांत माने या दृष्टिहीन प्रोग्रामरच्या पुढाकाराने ते उभे राहिले. नावे-जमेची द्विनोंदी पद्धत, तेरीज, ताळेबंद, सारे त्यात आहे. ज्याला स्वतः पडदा दिसत नाही त्याने इतरांस आपला हिशेब दिसावा म्हणून एवढा खटाटोप करावा, याचे मला फार अप्रूप वाटते. केरळात उच्च माध्यमिक वाणिज्य शाखेच्या मुलांना ते शिकविले गेले. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' उपक्रमातही त्याचे पाठ आहेत. महत्त्वाची गोष्ट अशी की त्यातील नोंदी 'पोस्टग्रेस' या खुल्या डेटाबेसमध्ये साठतात. उद्या ग्नूखाता वापरणे थांबविले तरी कोणीही जाणकार त्या वाचून देऊ शकतो.

कंपनीच बदलली तर काय, अशी शंका येईल. 'ओपनऑफिस' हे पत्रे व कोष्टके करण्याचे मुक्त सॉफ्टवेअर सन या कंपनीच्या छत्राखाली होते. 2010 च्या आरंभी सन ही कंपनी ओरॅकलने विकत घेतली. त्यावर काम करणाऱ्या मंडळींस भवितव्याची काळजी वाटली. त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात तो खुला मजकूर घेऊन 'लिब्रेऑफिस' या नावाने वेगळी चूल मांडली, आणि आज लोक तेच अधिक वापरतात. बँकांच्या विलीनीकरणात खातेदाराला कोणी विचारत नाही, हे मी आतून पाहिले आहे. म्हणून ही हकिकत मला विशेष भावली.

आपल्या परिसरात सहकाराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कारखान्याचा सभासद भागधारक म्हणून मालक असतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींत भाग नाही, लाभांशही नाही; साखरेसारखा माल वाटल्याने कमी होत नाही, म्हणून ते चालते. दोन्हीकडचे दुखणे मात्र एकच. राबणारे थोडे, लाभ घेणारे पुष्कळ. वर्गणी वाचली म्हणून आनंद मानणाऱ्या व्यापाऱ्याने त्यातील चौथा हिस्सा तरी अशा कामास द्यावा, असे माझे मत आहे.

ऑनलाइन विक्रीतही हाच पेच आहे. मोठ्या मंचावर माल विकणाऱ्याचे गिऱ्हाईक त्या मंचाचे होऊन बसते. यूपीआयमध्ये दुकानातला क्यूआर एका कंपनीचा आणि गिऱ्हाइकाचे ॲप दुसऱ्याचे, तरी पैसे पोचतात. खरेदी-विक्रीतही तसे व्हावे म्हणून 2021 च्या डिसेंबरात 'ओएनडीसी' ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. विकणाऱ्याचे ॲप एक आणि घेणाऱ्याचे दुसरे असले तरी ऑर्डर पोचावी, अशी तिची रचना आहे. कल्पना योग्य आहे, पण किराणा-भुसाराच्या दुकानदाराने तिच्यावर विसंबून उधारीची वही मिटू नये.

सर्वांनी उद्याच जुने टाकून द्यावे, असे मी म्हणत नाही. खाजगी मर्यादित कंपनी असेल तर 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर लागते. तेथे आपल्या सनदी लेखापालांस विचारल्यावाचून काही बदलू नये. मुक्त सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही, हीही अडचण आहे. परंतु कोणतेही ॲप घेण्यापूर्वी विक्रेत्यास एक प्रश्न अवश्य करावा: वर्गणी थांबल्यावर माझ्या सर्व नोंदी, नुसते छापील पान नव्हे तर कोष्टकाच्या रूपात, मला मिळतील काय? उत्तर लेखी घ्यावे.

भाच्याने अखेर एका महिन्याची वर्गणी भरून तीन वर्षांची खतावणी कोष्टकात उतरवून घेतली आणि खुलासा वेळेत दिला. त्याची बारावी वाणिज्यची मुलगी आता लिब्रेऑफिसमध्ये दर तिमाहीची खतावणी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवते. पेनड्राइव्ह तिजोरीत, त्या कोऱ्या लाल वहीत ठेवलेला असतो.