सर्टिफिकेट मिळालं, पण लॅब सुरक्षित झाली का?

आमच्या कंपनीत दरवर्षी एक सक्तीचं ऑनलाइन ट्रेनिंग असतं. पाऊण तासाचा व्हिडिओ, शेवटी दहा प्रश्न, ८० टक्के मिळाले की सर्टिफिकेट. मागच्या वर्षी मी तो व्हिडिओ म्यूट करून दुसऱ्या टॅबमध्ये चालू ठेवला आणि इकडे बग सोडवत बसलो. क्विझमध्ये दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास. एचआरच्या डॅशबोर्डवर माझ्या नावापुढे हिरवी टिक आली. व्हिडिओत काय होतं, हे आज विचाराल तर सांगता येणार नाही.

माझ्या बाबतीत फार तर एखादी फिशिंगची लिंक क्लिक होईल. पण हीच सवय केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेली तर काय होतं?

हा प्रश्न आत्ता पडायचं कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली एक कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य यावर आहे. चर्चा झाली ती इन-हँड पगार आणि ग्रॅच्युइटीची. फेलोशिपवर पीएचडी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने मात्र वेगळंच विचारलं, "मी दिवसाचे दहा तास ॲसिड आणि गॅस सिलिंडरच्या शेजारी असते. मी यात कामगार की विद्यार्थी?" ही शंका पोकळ नाही. अमेरिकेत याच प्रश्नाने मोठा घोळ घातला होता.

तीन अपघात

२९ डिसेंबर २००८. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शेरी सांगजी ही २३ वर्षांची संशोधन सहाय्यक टर्ट-ब्युटिललिथियम नावाचं रसायन सिरिंजने काढत होती. हे द्रव हवा लागताच पेट घेतं. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला आणि आग लागली. अंगात लॅब कोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता. लॅबमध्ये आपत्कालीन शॉवर होता, पण तो वापरला गेला नाही. १८ दिवसांनी ती गेली. कोट न घालण्याची त्रुटी विद्यापीठाच्याच तपासणीत दोन महिने आधी नोंदली गेली होती. म्हणजे अहवाल तयार होता, सुधारणा व्हायची होती.

जानेवारी २०१०, टेक्सास टेक विद्यापीठ. स्फोटक पदार्थ एका वेळी १०० मिलिग्रॅमच्या वर बनवायचा नाही, असं तोंडी ठरलेलं. विद्यार्थ्यांनी जवळपास १० ग्रॅम बनवला, म्हणजे शंभर पट. एकजण तो खलात घोटत असताना स्फोट झाला आणि त्याची तीन बोटं गेली.

मार्च २०१६, हवाई विद्यापीठ. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण भरलेली टाकी फुटली आणि एका संशोधिकेचा हात गेला. त्याआधी लहान टाकीत एक छोटा स्फोट झाला होता. तो धोक्याचा इशारा समजून काम थांबवलं गेलं नाही.

तिन्ही ठिकाणी कोणालाच काही माहीत नव्हतं, असं म्हणता येत नाही. एका ठिकाणी त्रुटी कागदावर होती, दुसऱ्या ठिकाणी मर्यादा तोंडी सांगितलेली होती, तिसऱ्या ठिकाणी इशारा मिळाला होता. पण माहिती असूनही "थांब" म्हणणारं कोणी नव्हतं.

कायदा कोणासाठी?

अमेरिकेत १९९० पासून लॅबसाठी सुरक्षा नियम आहेत. लेखी योजना, प्रशिक्षण, सगळं त्यात आहे. पण ते 'कर्मचाऱ्यां'साठी. सांगजी पगारावर होती म्हणून कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा विभागाने चौकशी करून दंड केला. पुढे २०११ मध्ये विद्यापीठावर आणि तिच्या प्राध्यापकावर फौजदारी आरोपही लागले. विद्यापीठाने २०१२ मध्ये सुरक्षेची हमी देऊन तडजोड केली. प्राध्यापकाची २०१४ मध्ये समाजसेवा आणि १०,००० डॉलर यावर सुटका झाली. टेक्सासचा विद्यार्थी मात्र त्या नियमांच्या कक्षेतच बसत नव्हता. तिथे चौकशी केली ती रासायनिक अपघातांच्या एका वेगळ्या मंडळाने, आणि त्यांना दंड करायचा अधिकारच नाही.

आपल्याकडेही फेलोशिप म्हणजे पगार नव्हे. कागदोपत्री तुम्ही विद्यार्थी. त्यामुळे 'मालक' आणि 'कामगार' या भाषेत लिहिलेला कायदा तुमच्यापर्यंत आपोआप पोहोचेल, असं गृहीत धरू नका. आणि धोका काही फक्त परदेशात नाही. डिसेंबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, देशातल्या सर्वात नावाजलेल्या संस्थांपैकी एकीत, स्फोट होऊन एक तरुण संशोधक गेला आणि तिघे जखमी झाले.

जर्नलवरची सही

इंजिनिअरिंगला आमच्या बॅचने अर्ध्या प्रॅक्टिकलची रीडिंग्ज एकमेकांची छापली होती. व्हायव्हाला ॲप्रन पाहिजे म्हणून आधीच्या रोल नंबरचा घालून आत जायचो. जर्नलवर सही झाली की विषय संपला. पुढे कंपनीत तेच सर्टिफिकेटच्या रूपात भेटलं. सर्टिफिकेट निरुपयोगी नाही. अपघातानंतर "आम्ही प्रशिक्षण दिलं होतं" हे दाखवायला संस्थेला ते लागतंच. पण अपघाताच्या क्षणी तुमच्या उपयोगाला येतो तो केलेला सराव.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक गोष्ट बरी करतो. सर्व्हर पडता पडता वाचला तरी त्याची नोंद होते, मीटिंग होते, आणि चूक करणाऱ्याला झोडपायचं नाही असा नियम असतो. लॅबमध्ये बीकर फुटला तर पोरं काच गुपचूप झाडून टाकतात, कारण सर ओरडतील.

तुम्ही यंदा एमएस्सी, पीएचडी किंवा फायनल इयरच्या प्रोजेक्टला लॅबमध्ये जाणार असाल, तर पहिल्या दिवशी गाईडला इतकं विचारा:

- आपत्कालीन शॉवर आणि आय-वॉश कुठे आहे? तो चालू करून बघता येईल का?
- या पदार्थाची कमाल मर्यादा किती? ती लिहून द्याल का?
- एकट्याने, रात्री काय करायचं नाही?
- छोटा अपघात झाला तर कोणाला सांगायचं?
- मला इजा झाली तर विमा आणि खर्च कोणाचा?

शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटेल. तरी विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा.