विश्लेषण : आभाळालाही धुरा असतो का?

भारत-पाकिस्तानने एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले, त्याचे नियम काय, किंमत कोणाची आणि धोका कोणाला?

महागाव तालुक्यात कापसाची वेचणी सुरू असताना कुणी कंबर सरळ करायला उभे राहिले, तर वर पांढरी रेघ ओढत जाणारे विमान हमखास दिसते. नकाशावर दिल्ली आणि बंगळुरू यांना जोडणारी सरळ रेघ ओढून पाहा. ती महागावच्या थोडी पश्चिमेकडून जाते. त्या रेघेकडे बघत एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न असा : ‘‘आभाळालेबी धुरा रायते का, भाऊ?’’

प्रश्न भाबडा वाटेल, पण नाही. धुऱ्यावरून डोकी फुटलेली ज्या भागाने पाहिली आहेत, त्या भागाला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर एका शब्दात द्यायचे तर, असतो. शेताच्या धुऱ्यासारखा तो दिसत नाही आणि त्याची मोजणी करायला भूमी अभिलेखचा माणूस येत नाही, एवढाच फरक.

वरची जागा कोणाची?

डिसेंबर १९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू असतानाच, अमेरिकेत शिकागो येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचे पहिलेच कलम सांगते की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाची पूर्ण आणि एकट्याची सत्ता असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या समुद्रावरचे आकाशही त्या देशाचे. त्यापुढचे खुल्या समुद्रावरचे आकाश सगळ्यांचे. लष्करी विमानाला दुसऱ्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. हद्द उंचीला नेमकी कुठे संपते, यावर मात्र जगाचे आजही एकमत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने चीनचा फुगा पाडला, तेव्हा हा जुना प्रश्न पुन्हा वर आला होता.

यात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ‘उड्डाण माहिती क्षेत्र’ म्हणजे विमानांना वाट दाखवण्याची जबाबदारी. मुंबईचे असे क्षेत्र अरबी समुद्रात दूरवर पसरले आहे, म्हणून तो समुद्र आपल्या मालकीचा होत नाही. दुसरी गोष्ट ‘हवाई संरक्षण ओळख क्षेत्र’. इथे शिरणाऱ्या विमानाने आपली ओळख सांगावी, अशी एखाद्या देशाची अपेक्षा असते. त्यामागे कोणताही जागतिक करार नाही. चीनने २३ नोव्हेंबर २०१३ रोजी पूर्व चीन समुद्रावर असे क्षेत्र जाहीर केले आणि ते जपानच्या क्षेत्रावर चढले. काही दिवसांतच अमेरिकेची बी-५२ विमाने न विचारता तिथून गेली. दुसऱ्याच्या वावरात आपल्या खुंट्या ठोकायच्या आणि तो काय करतो ते बघायचे, असा हा प्रकार.

पांदण अडवली, पण तहसीलदार कुठे आहे?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांना मारले. त्यात सहा जण महाराष्ट्रातले होते. भारताने सिंधू पाणीवाटप करार स्थगित करण्यासह काही पावले उचलली, आणि २४ एप्रिलला पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. ३० एप्रिलला भारताने तेच केले. ही बंदी ‘नोटम’ने जाहीर होते. नोटम म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना. ती एका महिन्याची होती. महिना संपत आला की मुदत वाढवायची, असे सुरू झाले. १० मे रोजी लढाई थांबली, २०२५ साल संपले, बंदी काही संपली नाही.

आपल्याकडे एखाद्याने पांदण रस्ता अडवला तर शेजारचा शेतकरी तहसीलदाराकडे जातो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५ त्यासाठीच आहे. अर्ज होतो, पाहणी होते, वर्षभर तारखा पडल्या तरी शेवटी कुणीतरी ‘रस्ता मोकळा करा’ म्हणणारा असतो. आकाशातल्या पांदणीला असा तहसीलदार नाही.

नियम मात्र आहेत. शिकागो कराराचे नववे कलम सांगते की आणीबाणीत एखादा देश आपले आकाश तात्पुरते बंद करू शकतो, पण ती बंदी सगळ्या परदेशी विमानांना सारखी हवी. इथे नेमके उलटे आहे. पाकिस्तानचे आकाश ब्रिटिश, जर्मन, आखाती विमानांना खुले आणि फक्त भारतीय विमानांना बंद. आपल्या बाजूनेही तसेच, बंदी फक्त पाकिस्तानी विमानांना. युद्धकाळात सवलत देणारे दुसरे कलम करारात आहे, पण दोन्ही देश अधिकृतपणे युद्धात नाहीत. म्हणजे नियमाच्या कागदावर ही बंदी नीट बसत नाही, आणि तरीही कुणी विचारणारे नाही.

विचारून पाहिले गेले नाही, असेही नाही. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि तिथे जाळण्यात आले. भारताने ४ फेब्रुवारीला पाकिस्तानी विमानांना आकाश बंद केले. तेव्हा पाकिस्तानचे दोन तुकडे होते आणि मध्ये आपण. कराचीहून ढाक्याला जायचे तर श्रीलंकेला वळसा घालावा लागू लागला. त्या डिसेंबरात जे घडले, त्यात या वळशाचा वाटा किती, यावर अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेकडे गेला. हे प्रकरण ऐकण्याचा अधिकार त्या संघटनेला आहे का, हे ठरायलाच ऑगस्ट १९७२ उजाडला. तोवर बांगलादेश जन्मलासुद्धा होता. आकाश खुले झाले ते १९७६ मध्ये, आपसातल्या बोलण्यातून.

पुढेही तेच. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन वर्षे बंदी. बालाकोटनंतर फेब्रुवारी २०१९ ते १६ जुलै २०१९ पुन्हा बंदी. १० ऑगस्ट १९९९ रोजी कच्छच्या सीमेवर भारतीय मिग-२१ ने पाकिस्तानी नौदलाचे ‘अटलांटिक’ विमान पाडले, १६ जण मेले. पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. जून २००० मध्ये न्यायालयाने सांगितले, हे प्रकरण आमच्या अधिकारात येत नाही.

वळशाचे पैसे कोण भरते?

प्रामाणिकपणे सांगायचे तर महागावच्या माणसाच्या खिशाला याचा थेट चटका फारसा बसत नाही. मुंबईहून दुबई-मस्कतची विमाने समुद्रावरूनच जातात. फटका बसतो तो उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या उड्डाणांना. मुलगी अमेरिकेत शिकते, भाऊ टोरांटोला असतो, अशी घरे आता यवतमाळ जिल्ह्यातही आहेत. त्यांना विचारा. अमेरिकेहून येणारे विमान वाटेत व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरू लागले. इंडिगोला अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणे थांबवावी लागली. १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवाच बंद केली, त्यामागचे एक कारण हे होते.

२०१९ च्या बंदीत २ जुलैपर्यंत एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपये गेले, असे सरकारनेच राज्यसभेत सांगितले होते. या वेळी बंदी वर्षभर चालली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा बोजा पडेल, असा अंदाज कंपनीने सरकारला कळवल्याचे वृत्त होते. पाकिस्तानही कोरडा राहिला नाही. आकाशातून जाणाऱ्या प्रत्येक विमानाकडून देशाला शुल्क मिळते. २४ एप्रिल ते ३० जून २०२५ एवढ्या काळात ४१० कोटी पाकिस्तानी रुपये बुडाल्याचे त्यांच्या संसदेला सांगण्यात आले. मलई खाल्ली ती तिसऱ्यांनी. भारतीय प्रवासी त्याच दिल्लीहून परदेशी कंपनीच्या विमानात बसतो आणि ते विमान पाकिस्तानवरून सरळ निघून जाते.

शेजाऱ्याची वाट अडवण्यासाठी स्वतःच्या धुऱ्यावर काटे टाकायचे आणि आपल्याच बैलाच्या पायात ते रुतायचे, हा हिशेब आपल्याला नवा नाही. पण निदान तो हिशेब मांडला तरी पाहिजे. दर महिन्याला मुदत वाढवताना या बंदीने काय साधले आणि काय गेले, हे संसदेसमोर ठेवायला काय हरकत आहे? लढाईच्या दिवसांत आकाश बंद ठेवणे शहाणपणाचेच होते. मे महिन्यात उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद केले, त्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही. पण लढाई थांबल्यानंतर महिनोन्‌महिने चालणारी बंदी ही संरक्षणाची गोष्ट राहत नाही. ती राजकीय नाराजी असते. नाराजी दाखवायलाही हरकत नाही, फक्त तिला सुरक्षेचे नाव देऊ नये.

गारपिटीतले विमान

माझ्या लेखी खरा मुद्दा पैशांचा नाहीच. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान पठाणकोटजवळ गारपिटीच्या ढगात सापडले. आत २२० हून अधिक माणसे होती. वैमानिकांनी सीमेकडे थोडे वळण्याची परवानगी आपल्या हवाई दलाच्या नियंत्रण कक्षाकडे मागितली, ती मिळाली नाही. मग लाहोरला विचारले. लाहोरनेही नकार दिला. शेवटी विमान त्या ढगातूनच गेले. एका क्षणी ते मिनिटाला साडेआठ हजार फूट वेगाने खाली येत होते. नाकाडाचा भाग फुटलेले विमान श्रीनगरला सुखरूप उतरले, कुणालाही इजा झाली नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या निवेदनातच हा घटनाक्रम आहे.

दोन्हीकडच्या नकारांना नियमांचा आधार होता. पण शिकागो कराराचे पंचविसावे कलम म्हणते की आपल्या हद्दीत संकटात सापडलेल्या विमानाला शक्य ती मदत करणे प्रत्येक देशाचे कर्तव्य आहे. गारा पडताना कुणी शेतातल्या झोपडीत शिरला तर सातबारा मागत नाहीत.

ताणलेल्या आकाशात दुसरा धोका चुकीच्या ओळखीचा. २७ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी सीमेवर विमाने भिडली होती आणि श्रीनगरजवळ बडगाममध्ये हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. आतले सहा जण गेले, जमिनीवरचा एक नागरिकही गेला. गेलेल्यांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. चौकशीअंती हवाई दलाने कबूल केले की ते आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि ही मोठी चूक होती. चूक कबूल करण्याचा हा मोठेपणा सगळे देश दाखवत नाहीत. १९८३ मध्ये सोव्हिएत विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले (२६९ मृत्यू), १९८८ मध्ये अमेरिकी युद्धनौकेने इराणचे (२९०), २०१४ मध्ये युक्रेनवर मलेशियाचे पाडले गेले (२९८), २०२० मध्ये इराणने युक्रेनचे (१७६). या विमानांतल्या कुणाचेही कुणाशी वैर नव्हते.

निर्णयाला वेळ किती मिळतो, हेही लक्षात घ्या. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे लढाऊ विमान १० किलोमीटर ४० सेकंदांत कापते. उमरखेडच्या एसटीत वाहक तुमचे तिकीट देऊन सुटे पैसे मोजेपर्यंत. त्यात आता उपग्रहाचा संकेत फसवण्याचे प्रकार वाढले आहेत. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, असे ४६५ प्रकार नोंदले गेल्याचे केंद्राने लोकसभेत सांगितले. विमान एका जागी आणि त्याच्या पडद्यावरचा ठिपका दुसऱ्याच जागी.

मोबाइलवरचे युद्ध

मे महिन्यातल्या त्या चार दिवसांत आपल्या गावागावांतल्या ग्रुपवर व्हिडीओ गेमची दृश्ये ‘आत्ताचा हल्ला’ म्हणून फिरली, हे विसरू नये. विमाने दाखवणाऱ्या ॲपवर मोकळी जागा दिसली की ‘युद्ध सुरू’ असा निष्कर्ष निघत होता. ऑक्टोबरच्या अखेरीस पश्चिम सीमेवर ‘त्रिशूल’ सराव होता, तेव्हा त्याच्या नोटमचे नकाशे असेच फिरले. नोटम निघणे म्हणजे लढाई नव्हे. क्षेपणास्त्राची चाचणी, सराव, अगदी रॉकेट सोडायचे असले तरी नोटम निघतो. तो आधी जाहीर करणे हीच उलट चांगली गोष्ट आहे, कारण समोरच्याला कळते की हा सराव आहे. पण या फॉरवर्डमुळे दोन्हीकडच्या सरकारांवर ‘मागे हटू नका’ असा दाब वाढतो, आणि एकदा अडवलेली वाट मोकळी करणे म्हणजे नमणे ठरते.

मग मागायचे काय? संपूर्ण आकाश उद्याच खुले करा, असे नाही. दहशतवाद्यांना आसरा देणाऱ्या देशाशी लगेच सलोखा होणार नाही, हे कळते. पण संकटातल्या नागरी विमानासाठी सीमेवर ठराविक पट्टा, ठराविक रेडिओ वाहिनी आणि दोन्ही हवाई दलांना आधीच दिलेले आदेश, एवढी कायमची व्यवस्था बंदी चालू असतानाही होऊ शकते. वैमानिकाने गारांच्या ढगात असताना परवानगीसाठी दोन दारे ठोठावत बसू नये.

हे स्वप्नरंजन नाही. ६ एप्रिल १९९१ रोजी भारत आणि पाकिस्तानने नवी दिल्लीत एक करार केला आहे. लढाऊ विमानांनी एकमेकांच्या हवाई हद्दीपासून १० किलोमीटर दूर राहायचे, चुकून हद्द ओलांडली गेली तर लगेच चौकशी करून दुसऱ्या बाजूला कळवायचे, असे त्यात लिहिले आहे. तेव्हा काश्मीर धगधगत होते आणि आदल्याच वर्षी दोन्ही देश युद्धाच्या तोंडावर येऊन परतले होते. तशा दिवसांतही दोन्हीकडचे अधिकारी एका टेबलाशी बसले आणि आभाळातला धुरा किलोमीटरमध्ये मोजून कागदावर उतरवला. त्याच कागदाला संकटातल्या प्रवासी विमानासाठी आणखी एक कलम जोडायचे आहे.