स्क्रिप्ट नसलेली फाइट

अंडरटेकरच्या एन्ट्रीला शिट्ट्या मारत मोठी झालेली आपली पिढी. पण बॉस, खरा ड्रामा बघायचा तर वडगाव रासाईहून नगर हायवे पकडायचा आणि थेट अहिल्यानगर गाठायचं! 2 फेब्रुवारी 2025, महाराष्ट्र केसरीची फायनल.

फॉरमॅट एकदम झकास. मॅटवरचा विजेता विरुद्ध मातीवरचा विजेता. मॅटवर दोनदा केसरी झालेला शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. मोहोळने डाव टाकला, पंचांनी चितपट दिलं. राक्षे म्हणाला, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. कोण ऐकतंय? मग त्याने पंचांना लाथ घातली. डब्ल्यूडब्ल्यूईत रेफ्री रोजच मार खातो, पण तिथे सगळं ठरलेलं असतं. इथे तीन वर्षं निलंबन!

फायनलला मातीतला महेंद्र गायकवाड. कुस्ती चुरशीची, आणि शेवटची काही सेकंदं उरली असताना तोही पंचांवर चिडून आखाड्याबाहेर. गदा आणि थार मोहोळला. निलंबन गायकवाडलाही.

लाथेचं समर्थन नाहीच. पण आयपीएलमधे वाइडचासुद्धा रिव्ह्यू मागता येतो, आणि इथे पहाटे उठून वर्षभर मारलेल्या जोर-बैठका एका शिट्टीवर? गावजत्रेतल्या निकाली कुस्तीत निदान पाठ लागलेली चारी बाजूंनी पब्लिक बघत असतं.

पुढे चौकशी झाली आणि ते पंचही निलंबित झाले. गदा अर्थात मोहोळकडेच राहिली. त्या पोराचा यात काय दोष?