बाळंतिणीची भरपगारी रजा



गाभण गाय विण्याच्या दोन महिने आधी आपण तिला आटवतो. त्या दिवसांत दुधाचे नुकसान होते, पण कुणी कुरकुर करत नाही. पोटातले वासरू भरले पाहिजे आणि पुढच्या वेतासाठी गाईच्या अंगात ताकद साठली पाहिजे, हे आपल्याला वाडवडिलांनी शिकवले आहे. आज मात्र गोठ्यातली गोष्ट सांगायची नाही, घरातली सांगायची आहे.

गेल्या वर्षी आषाढात रोहे तालुक्यातल्या एका गावी चारसूत्री भात लागवड दाखवायला गेलो होतो. काम आटोपून ओटीवर चहाला बसलो. त्या घरची धाकटी सून औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे पॅकिंगच्या कामाला जात असे. हजेरी दिवसाची ५०० रुपये. तिला सातवा महिना होता. कंत्राटदाराने सांगितले होते, "आता घरी बस. मोकळी झालीस की ये, जागा असली तर बघू." सासूबाई म्हणाल्या, "साहेब, त्याचंही खरंच आहे. काम नाही तर पगार कसला?"

मी त्यांना म्हटले, "आजी, पगार आहे, आणि तो कायद्याने आहे."

मंडळी, हे बऱ्याच घरांना ठाऊक नसते, म्हणून सविस्तर लिहितो. नोकरी करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणासाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. आधीची दोन मुले हयात असतील तर ही रजा १२ आठवड्यांची असते. गर्भ पडला तर ६ आठवडे आणि बाळंतपणातून आजारपण उद्भवले तर आणखी एक महिना मिळतो. कारखाना असो वा दहा किंवा जास्त माणसांचे दुकान, तिथे बाळंतपणाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे, एवढीच मुख्य अट. कंत्राटी असो, रोजंदारीवरची असो, बाई बाईच असते. रोजंदारीवरच्या स्त्रियांनाही हा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात स्पष्ट केले आहे.

हा कायदा १९६१ सालचा. रजा आधी १२ आठवडे होती, ती २०१७ साली २६ झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, पण २६ आठवडे आणि ८० दिवस तेच राहिले आहेत.

आता हिशेब करा. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. यात रविवारही धरायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ सालचा निकाल आहे. दिवसाला ५०० धरले तर ९१,००० रुपये होतात. मी हा आकडा ओटीवर पाटीवरच लिहून दाखवला. सासूबाई बराच वेळ पाटीकडे बघत राहिल्या. वर्षभराच्या भातातून खर्च वजा जाता हातात किती उरतात, हे त्या घराला माहीत होते.

मग मी सुनेला विचारले, "मुली, पगारातून विम्याचे काही कापतात का?" तिने ट्रंकेतून कामगार राज्य विम्याचे कार्ड काढून आणले. दोन वर्षे ते साड्यांखाली पडून होते. ज्यांचा महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांच्या कारखान्याला ही योजना लागू आहे, त्यांना बाळंतपणाचे पैसे मालकाकडून नव्हे तर विमा महामंडळाकडून मिळतात. त्यासाठी आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. तिची त्याहून जास्त भरलेली होती. डॉक्टरांचा दाखला घेऊन ती नवऱ्याबरोबर विमा कार्यालयात गेली. दोन खेपा जास्त पडल्या, पण पैसे तिच्या खात्यावर आले.

ज्यांना विमा लागू नाही, त्यांनी मालकाला लेखी अर्ज द्यावा. रजा कोणत्या तारखेपासून हवी आणि पैसे कुणाच्या हाती द्यावेत, हे त्यात लिहावे. एक नक्कल सही घेऊन आपल्याजवळ ठेवावी. आधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ मिळतात आणि उरलेले बाळंतपणाचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत मिळायला हवेत. आधी अर्ज राहिला तर बाळंतपणानंतर करता येतो, हक्क बुडत नाही. रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. बाळंतपणानंतर ६ आठवडे तर तिला कामाला लावताच येत नाही. परत कामावर गेल्यावर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळते. मालक ऐकत नसेल तर कामगार खात्याकडे तक्रार करावी.

ही गोष्ट आपल्याला कुणी फुकट दिलेली नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या, माणगावजवळच्या गोरेगावात १८७९ साली जन्मलेले कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली दिल्लीच्या विधिमंडळात असे विधेयक मांडले होते. ते तेव्हा मंजूर झाले नाही. पुढे मुंबई प्रांताने १९२९ साली गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी कायदा केला, तो देशातला पहिला. त्या विधेयकाला १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. महाडचे चवदार तळे आपल्या ध्यानात असते, ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

आता पेणकडे वळू. हमरापूर-जोहे भागात घरोघर गणपतीच्या कार्यशाळा आहेत. रंगकामाला, आखणीला पुष्कळ बायका असतात. जिथे पाच-सहाच माणसे आहेत, तिथे हा रजेचा कायदा पोचत नाही. वीटभट्टीवर नवराबायकोने जोडीने उचल घेतलेली असते, तिथे तो कागदावरच राहतो. आणि शेतावर राबणाऱ्या बाईला तर मालकच नाही, मग रजा कुणाकडे मागणार?

अशांसाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर ३,००० आणि मुलाच्या जन्माची नोंद व पहिल्या लसी झाल्यावर २,०००. दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये एकदम मिळतात. दारिद्र्यरेषेखालचे रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड किंवा बाईच्या स्वतःच्या नावावर किसान सन्मान निधी असेल तर ती पात्र ठरते. खाते तिच्या नावाचे आणि आधारला जोडलेले हवे. अंगणवाडी ताईकडे किंवा आशाताईकडे लवकर नोंद करावी, उशीर झाला तर मुदत टळते. ५,००० आणि ९१,००० यांत फार अंतर आहे, हे मलाही दिसते. पण पदरात पडते ते तरी सोडू नका.

आणि बाप? केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा आहे. खाजगी कारखान्यात बापासाठी असा कायदा नाही. शेतकरी बाप मात्र स्वतःचा मालक आहे, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

इथे मला माझ्याच घरचे सांगितले पाहिजे. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी आमचा थोरला ऐन लावणीत झाला. मी गावोगाव खताच्या मात्रा सांगत फिरत होतो. घरी माणूस कमी होते. विसाव्या दिवशी बायको आवण खणायला शेतात उतरली. तिला कुणी जबरदस्ती केली नाही, पण कुणी नको असेही म्हटले नाही. मीही म्हटले नाही. आज ती पाण्याची कळशी उचलू शकत नाही, कंबर धरून बसते. त्या दिवशी एका मजुराची हजेरी वाचली होती. त्यानंतर औषधाला किती गेले, त्याचा हिशेब मी मांडलेला नाही.

म्हणून सांगतो. तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील तर या आठवड्यात दोन कामे करा. नोकरीवाली असेल तर पगाराची चिठ्ठी, हजेरीचे कार्ड, विम्याचे कार्ड शोधून एका पिशवीत ठेवा. शेतावरची असेल तर अंगणवाडीत नाव घाला आणि लावणीला तिच्या जागी कोण उतरणार, हे आजच ठरवा. मजूर मिळत नसेल तर शेजारच्या घराशी पडजी करा, आपल्याकडे ती चाल आहेच. सासूबाईंनी तोंडाने सांगावे, "तू ओटीवर बस." नवऱ्याने ते आधी सांगावे.

त्या रोह्याच्या घरी मी दिवाळीनंतर पुन्हा गेलो. वाल पेरायची गडबड चालली होती. सून ओटीवर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि सासूबाई कमरेला पदर खोचून शेतात निघाल्या होत्या. मला पाहून थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "रजेवर आहे ती."

पुढच्या अंकात वालावरच्या माव्याविषयी लिहीन. तोवर रामराम.