जुन्या कॅसेटी यूट्यूबवर चढवताना

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तो काळ व्हीएचएस कॅसेटचा. त्या काळातली व्याख्याने, मुशायरे आता आपली तरुण मुले यूट्यूबवर चढवू लागली आहेत, याचा आनंदच आहे. तक्रार एवढीच की कपाटातल्या कॅसेटने इतकी वर्षे जपलेले आपण एक्सपोर्ट करताना घालवतो.

विचारले की उत्तर ठरलेले: “भाईजान, फाइल लहान हवी, लोकांचा डेटा जातो.” हा समज चुकीचा आहे. यूट्यूब तुमची फाइल जशीच्या तशी दाखवत नाही. तिच्यावरून १४४पीपासून वरच्या अनेक प्रती ते स्वतः बनवते आणि बघणाऱ्याचा डेटा त्या प्रतींवर ठरतो. तुम्ही आधीच पिळलेली फाइल दिलीत तर ती पुन्हा पिळली जाते, बस्स. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत तर मुळीच चढवू नये.

आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या; सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक फ्रेम दोन भागांत विणलेली. म्हणून आधी डीइंटरलेस करा, नाहीतर वक्त्याने हात उचलला की बोटांना कंगव्याचे दात फुटतात. सॉफ्टवेअरने ३० सुचवले तरी २५च ठेवा. चित्र ४:३च राहू द्या, १४४० बाय १०८०. रुंद पडदा भरण्यासाठी ताणलेले चेहरे बघवत नाहीत, आणि मरहूम वक्ते काही तक्रार करायला येणार नाहीत! एमपी४, एच.२६४, ८ एमबीपीएस. तासाभराचे भाषण साडेतीन जीबीच्या आसपास जाते. रात्री अपलोड लावून झोपावे.

माझा खरा जीव मात्र आवाजात अडकलाय. एएसी, ४८ किलोहर्ट्झ, ३८४ केबीपीएस ठेवले तरी त्या साडेतीन जीबीत आवाजाचा वाटा पावणेदोनशे एमबीसुद्धा नाही. मग कंजुषी कशासाठी? खरखर काढणारा फिल्टर जोरात लावला की ‘स’ आणि ‘श’ गिळले जातात, कोकणातल्या वक्त्याचा हेल सपाट होतो. पंख्याची घरघर राहिली तर राहू द्या. भाषणाखाली कव्वालीची धून तर कृपा करून नको.

एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. म्हणून आधी दोन मिनिटांचा तुकडा प्रायव्हेट ठेवून चढवा आणि घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाला मोबाइलवर ऐकवा. शब्द कळले का, एवढेच विचारा.