निकाहनाम्यावरची तारीख

2023 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारी असरनंतर मोहल्ल्यातले एक भाई घरी आले. कुवेतला वीसेक वर्षं काढून परतलेले, आता आंब्याची बाग बघतात. त्यांची थोरली मुलगी आमच्या वर्गातली. हातात प्लास्टिकची फाईल होती, फाईलमध्ये मुलीचा निकाहनामा.

"सर, ह्याचा इंग्रजी तर्जुमा करून द्या. जावयाकडं कॅनडाला पाठवायचाय. मुलीचे कागद लावायचेत."

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. तालुक्याच्या गावी उर्दू कागद नीट वाचून इंग्रजीत उतरवणारी माणसं फार नाहीत, त्यामुळं असं काही ना काही दारात येतच असतं. पूर्वी वारसाचे आणि वक्फच्या जमिनींचे कागद यायचे. अलीकडं निकाहनामे वाढलेत. आपल्या कोकणातल्या मुली लग्न होऊन आखातात जायच्या, तेव्हा नवऱ्याचा पगार पुरेसा असला आणि दाखल्यावर लागतील ते शिक्के असले की काम भागायचं. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन हे प्रकरण वेगळं आहे. तिथं मुलीला कायमचं राहायचा हक्क मिळणार असतो. म्हणून लग्न झालंय एवढं दाखवून चालत नाही, ते लग्न खरं आहे हेही दाखवावं लागतं.

खरं म्हणजे काय? कॅनडाच्या नियमात दोन गोष्टी आहेत. हे लग्न मुख्यतः त्या देशात राहण्याचा हक्क मिळवण्यासाठी केलेलं नसावं, ही एक. नवरा-बायकोचं नातं खरोखरीचं असावं, ही दुसरी. 2010 पासून यातली एक जरी बाजू लंगडी पडली तरी अर्ज नाकारता येतो. म्हणजे आज दोघं सुखानं नांदत असली, पण लग्न करताना मुख्य हेतू व्हिसाचा होता असं अधिकाऱ्याला वाटलं, तरीही.

आपल्याकडं निकाहला इजाब-कबूल हवं, दोन गवाह हवेत आणि गाजावाजा नाही तरी एलान हवं. चोरून लग्न नको, चार लोकांना ठाऊक असावं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. कॅनडाचा अधिकारी एका अर्थी तेच मागतो. फक्त त्याचे गवाह निराळे असतात. फोटो, बँकेचे कागद, फोनवरचे संदेश, विमानाची तिकिटं. अर्जासोबत नात्याची माहिती देणारा एक लांबलचक फॉर्म असतो. पहिली भेट कधी आणि कुठं झाली, ओळख कोणी करून दिली, लग्नाला कोण कोण आलं होतं, कोणाचे आईवडील आले नसतील तर का नाही आले, लग्नानंतर एकत्र किती दिवस राहिलात, एकमेकांशी कसं आणि किती वेळा बोलता. फोटो जास्तीत जास्त वीस. बोलण्याचा पुरावा दहा पानांपर्यंत.

इथं आपली घरं अडतात. ठरवून केलेलं लग्न ही अडचण नाही. आपल्याकडं मोठी माणसं स्थळ बघतात, हे त्या अधिकाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. अडचण ही की आपण लग्न जसं करतो त्याची खूण कागदावर राहू देत नाही. फोटोत दुल्हन मान खाली घालून बसलेली, दूल्हा मर्दांच्या मंडपात, दोघं एका चौकटीत आहेत असे फोटो मोजून तीन. वलीम्याला चारशे माणसं जेवली, पण त्यांतला एकही फोटो नाही, कारण दादीला आवडत नाही. आणि फोनवरचे संदेश? भाईंच्या मुलीला आम्ही विचारलं तेव्हा ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "सर, मी रोज रात्री सगळे मेसेज डिलीट करते. घरात भाऊ फोन घेतात."

दीड वर्ष रोज तासभर बोलणाऱ्या नवरा-बायकोकडं बोलल्याचा एक ओळीचा पुरावा नव्हता. त्यात तिची चूक काय? तिनं लाज राखली. आमच्या अम्मीच्या पिढीत तर बायका नवऱ्याचं नावसुद्धा तोंडात घेत नसत. अशी एखादी खाला परदेशी अधिकाऱ्यासमोर बसली असती आणि त्यानं विचारलं असतं की तुमच्या शोहरचं नाव सांगा, तर ती बिचारी पदर तोंडाला लावून हसली असती, आणि तिच्या फाईलवर भलताच शेरा पडला असता.

आता मूळ गोष्टीकडं येऊ. आम्ही चष्मा लावून निकाहनामा वाचायला घेतला. तारीख जून 2021. हिजरी 1442, महिना शव्वाल. जून 2021 म्हणजे दुसऱ्या लाटेचा शेवट. विमानं बंदच होती म्हणा.

"भाई, तेव्हा जावई इथं होता?"

"नाही ना सर. निकाह व्हिडिओवर झाला. तो तिकडं मिसिसॉगाला, आपण इकडं. काझीसाहेब आपल्या दिवाणखान्यात बसले होते. दीड वर्षानं डिसेंबरात तो आला, तेव्हा रुख्सती केली, वलीमा केला. सहीसुद्धा त्यानं तेव्हाच केली."

त्या दोन वर्षांत असे किती निकाह झाले असतील! लोकांचा इलाज नव्हता. शरीयतच्या अंगानं तो निकाह कसा धरायचा हा उलेमांचा प्रश्न आहे, त्यात आम्ही शिरत नाही. पण कॅनडाचा कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे, आणि आपल्या घरांना तो ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. 11 जून 2015 पासून, लग्नाच्या वेळी नवरा-नवरी दोघंही प्रत्यक्ष हजर नसतील, तर त्या लग्नाच्या आधारावर जोडीदाराला बोलावता येत नाही. टेलिफोनवर, इंटरनेटवर, वकिलामार्फत, कसंही झालेलं असो. तिथल्या सैन्यात नोकरीवर असलेल्यांना तेवढी सूट आहे. अमेरिकेतही एक हजर आणि एक गैरहजर असं झालेलं लग्न, नंतर दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र आल्याशिवाय धरलं जात नाही.

हे आम्ही भाईंना सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एजंटला ते माहीत आहे सर. तो म्हणतो, तर्जुम्यात तारीख डिसेंबर 2022 ची लिहा. मुलगा तेव्हा इथं होता, पासपोर्टवर शिक्का आहे. काझीसाहेबांचा कागद उर्दूत आहे, तिथं कोण वाचणार?"

कॅनडात उर्दू कोण वाचणार! आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये नसतील इतके उर्दू वाचणारे तिथल्या एकेका मोहल्ल्यात असतील.

पण तो मुद्दा गौण होता. तर्जुमा करणारा अधिकृत भाषांतरकार नसेल तर त्याला प्रतिज्ञापत्र करावं लागतं, की हे भाषांतर मूळ कागदाशी तंतोतंत जुळतं. आणि ते अर्जदाराच्या नातेवाइकानं केलेलं चालत नाही. म्हणजे त्या कागदाखाली नोटरीसमोर सही आमची होणार होती. आम्ही वर्गात मुलांना निबंधात दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून लिहू नका असं सांगतो, आणि इथं एक अख्खी तारीख आमच्या हातानं बदलायची होती.

आम्ही नाही म्हणालो. पहिल्यांदा नरमाईनं, मग स्पष्ट. असंही सांगितलं की मूळ कागदाची प्रत सोबत लागतेच, त्यावर शव्वाल 1442 लिहिलंय. डिसेंबर 2022 म्हणजे जुमादल अव्वल 1444. इंग्रजी तारीख बदलाल, हिजरी कशी बदलाल? जावयानं तिकडच्या टॅक्सच्या कागदात 2021 पासूनच स्वतःला विवाहित लिहिलंय, ते कागद अर्जासोबत जाणार. खोटी माहिती दिली असं ठरलं तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही. मुलगी आज चोवीसची आहे.

भाई उठले. "सर, तुम्ही घरचे म्हणून आलो होतो," एवढंच म्हणाले. चहा तसाच राहिला. त्यानंतर कित्येक महिने जुम्याला ते मशिदीत दुसऱ्या सफेत उभे राहायचे. आमच्या घरातूनही ऐकावं लागलं, की एका तारखेनं काय बिघडलं असतं, पोरगी तरी गेली असती. रात्री कधी कधी आम्हालाही तसं वाटून जायचं. ती पोर माहेरात बसलेली. ना धड माहेरची, ना सासरची. आणि तिला अडवणाऱ्यांत आम्ही एक.

या संशयाला इतिहास आहे, आणि तो सगळा स्वच्छ नाही. 1979 साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर भारतातून लग्नासाठी आलेल्या पस्तीस वर्षांच्या एका बाईची, ती खरोखर अविवाहित आहे का हे ठरवण्यासाठी, कौमार्य तपासणी केली गेली. ती शिक्षिका होती. वर्तमानपत्रांत बभ्रा झाल्यावर तो प्रकार थांबला. पुढं ब्रिटनमध्ये 1980 पासून असा नियम होता की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नव्हता, हे येणाऱ्यानंच सिद्ध करायचं. मनातला हेतू सिद्ध करायचा कसा? आपल्या उपखंडातले कितीतरी नवरे त्यात अडकले. 1997 साली तो नियम गेला. कॅनडानं 2012 मध्ये नव्या जोडीदारांना दोन वर्षं एकत्र राहण्याची अट घातली, आणि मार खाणाऱ्या बायकासुद्धा हक्क जाईल या भीतीनं घर सोडेनात, म्हणून 2017 मध्ये ती काढून टाकली. अमेरिकेत मात्र लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत हक्क मिळाला तर तो आधी दोन वर्षांपुरताच असतो. नंतर दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा. नवरा छळत असेल तर बायकोला एकटीनंही तो करता येतो. मुलगी अमेरिकेला देणाऱ्या बापांनी ही शेवटची ओळ लक्षात ठेवावी.

पण संशय अगदी हवेतून येत नाही, हेही खरं. पंजाबात इंग्रजीच्या परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या मुलीशी कागदापुरतं लग्न लावून मुलाला परदेशी पाठवायचं, खर्च मुलाकडच्यांचा, असा धंदाच झालाय. आपल्याकडंही पैसे घेऊन कागदी निकाह जमवणारे भेटतात. त्यांच्यामुळं खऱ्या लग्नांच्या फायली दहादा चाळल्या जातात. ज्या निकाहची नियतच व्हिसा आहे त्याला आम्ही निकाह म्हणत नाही, मग कागद कितीही पक्के असोत.

नोव्हेंबरात भाई पुन्हा आले. जावयानं तिकडं एका वकिलाला फी देऊन विचारलं होतं. वकिलानं तेच सांगितलं होतं. तारखेला हात लावू नका. मुलानं यावं, दोघांनी समोरासमोर बसून निकाह करावा, त्याची सरकारी नोंदणी करावी, आणि अर्जात दोन्ही निकाहांची हकिकत जशीच्या तशी लिहावी.

दादीचा विरोध होता. "एका पोरीचा दोनदा निकाह? लोक विचारतील, मध्ये तलाक झाला होता काय?" हा प्रश्न खोटा नव्हता, गाव विचारतंच. मौलानासाहेबांनी घरी येऊन तिला समजावलं, की त्याच नवरा-बायकोनं एहतियात म्हणून निकाह पुन्हा पढला तर त्यात काही हरकत नाही. तरी ती दोन दिवस रुसून होती.

डिसेंबर 2023 मध्ये त्याच दिवाणखान्यात निकाह झाला. घरची माणसं, काझीसाहेब, दोन गवाह आणि आम्ही. या वेळी फोटोंवर दादीनं हरकत घेतली नाही, उलट स्वतःच मध्ये येऊन बसली. आठवड्यात महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याखाली विवाहनोंदणीचा अर्ज दिला. नुसता निकाहनामा पुरत नाही. नोंदणीचा दाखला हवाच, आणि तो निकाह झाल्या झाल्या काढावा, तीन वर्षांनी धावपळ करू नये.

मग आम्ही दोन्ही निकाहनाम्यांचा तर्जुमा केला. एक गंमत सांगतो. निकाहनाम्यात दुल्हनकडून 'वकील' असतो, तो तिची रजामंदी विचारून येतो. घाईत भाषांतर करणारे त्याचं इंग्रजी कोर्टातला वकील असं करून मोकळे होतात. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वाटणार, या मुलीला स्वतःच्या लग्नात वकील का लागला? आम्ही तिथं 'वधूच्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी' असं लिहिलं, आणि तो तिचा मामू आहे हेही.

पुरावे मुलीनं स्वतः गोळा केले. मेसेज गेले होते, पण फोनच्या कॉलची यादी होती. नवऱ्यानं दर महिन्याला पाठवलेल्या पैशांची बँकेची नोंद होती. दोन वेळच्या विमानप्रवासाचे कागद होते. मेसेज का नाहीत, तेही तिनं पत्रात लिहिलं. आमच्या घरी फोन सगळ्यांचा असतो, मला लाज वाटायची. आम्ही त्या वाक्याची फक्त स्पेलिंगं तपासली.

अर्ज 2024 च्या सुरुवातीला गेला. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला. मुलाखतीला बोलावलं नाही. साधारण वर्षभरानं मंजुरी आली, आणि 2025 च्या एप्रिलात ती मिसिसॉगाला पोचली.

गेल्या महिन्यात भाई पुन्हा फाईल घेऊन आले. मुलीच्या चुलत बहिणीचं स्थळ टोरांटोचं आलंय. मुलाला सुट्टी नाही, म्हणून व्हिडिओवर निकाह उरकून घ्यायचं घाटत होतं. भाईंनी भावाला सोबतच आणलं होतं. म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा ह्याला. माझं ऐकत नाही."